वरचं पाणी, खालचं वरण

देवाशप्पथ, ही गोष्ट अगदी खरी आहे. म्हणजे वरण खरं आहे. बोकडाबद्दल माझा फारसा आग्रह नाही.

एका गावात हौसा नावाची बाई होती. तिला दीड वर्षाची मुलगी होती, बकुळा. आणि सहा महिन्यांचा बोकड होता, सरदार. दोघांवर तिचा जीव सारखाच. सरदारला पुढे बाजारात न्यायचं होतं, म्हणून त्याच्याकडे लक्ष जरा जास्त.

डाळ शिजली की हौसा वरचं पाणी वाटीत काढायची आणि बकुळाला पाजायची. "सगळा कस पाण्यातच उतरतो," ती म्हणायची. "लेकराचं पोट नाजूक असतं." खाली उरलेलं घट्ट वरण सरदारला. त्यात भाकरीचा चुरा, शेवग्याचा पाला. तेही थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा.

शेजारीण म्हणायची, "काय गं, जावई करून घेतेस का बोकडाला?"

"एकदम भरलं तर त्याला सोसत नाही गं," हौसा सांगायची.

बकुळा रडली तर चहात बुडवलेलं बिस्कीट मिळायचं. ती अजून उभी राहत नव्हती. 'आई' म्हणत नव्हती. "आमच्याकडे उशिराच बोलतात," असं हौसा म्हणायची आणि डाळीवरचं पाणी काढायची.

एकदा अंगणवाडीत सुदृढ बालक स्पर्धा ठेवली. हौसा बकुळाला कडेवर घेऊन गेली. सरदार मागोमाग आला आणि रांगेत उभा राहिला. बालक माणसाचंच हवं, असं नियमात कुठे नव्हतं. सरदारचा पहिला नंबर आला. त्याला हार घातला. त्याने तो खाल्ला.

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "हौसाबाई, याला काय खायला घालता ते सगळ्या आयांना सांगा बरं."

हौसाने सांगितलं. घट्ट वरण. चुरा. पाला. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. बाया माना डोलवत होत्या.

"अगदी बरोबर," ताई म्हणाल्या. "आणि बकुळाला?"

"तिला वरचं पाणी. लहान आहे ना ती अजून."

तेव्हा सरदारने तोंड उघडलं. "आई, मी तिच्यापेक्षा वर्षाने लहान आहे."

कुणी हसलं नाही. हौसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आई म्हटलं होतं.

त्या दिवसापासून घट्ट वरण बकुळाला मिळू लागलं. कुस्करलेला भात, पालेभाजी, वर तुपाचा थेंब. बकुळा उभी राहिली, बोलली, शाळेतही गेली. पण जे मागे राहिलं ते राहिलंच. आता ती मोठी बाई आहे, तरी दाराच्या वरच्या कडीला तिचा हात पोचत नाही. "स्टूल कुठं ठेवलंस गं आई?" ती विचारते. म्हातारी हौसा उठते आणि स्वतः कडी काढते.

सरदार विकला गेला नाही. तो पुन्हा बोललाही नाही. त्याचं सांगून झालं होतं.

तात्पर्य: लेकराचं पोट लहान असतं, गरज लहान नसते, सहा महिने झाले की अंगावरच्या दुधाबरोबर घट्ट, कुस्करलेलं अन्न थोडं थोडं भरवा, कारण गेलेली वर्षं मागून भरवता येत नाहीत.

चला, आता गोष्टीचा मोबदला काढा. लाडू चालेल, थालीपीठ चालेल. वरचं पाणी दाखवून वाटेला लावू नका.