पापणीचा केस

"…आता तरी चांगला म्हणाल की नाही, मास्तर?"

उदयन खटावकरनं मोठा प्रिंट टेबलावर पसरला आणि विचारलं. हा गडी एरवी नाकावर माशी बसू देत नाही, पण हुसेनमास्तरांपुढं आला की परीक्षेला बसल्यासारखा होतो. तीन वर्षं त्यांच्याकडं फोटो काढायला शिकतोय. मास्तरांनी त्याच्या एकाही फोटोला चांगला म्हटलेलं नाही.

मिरजेत मास्तरांचं लेन्सदुरुस्तीचं दुकान आहे. माझा जुना कॅमेरा घेऊन मी तिथं बसलो होतो, म्हणून हे सगळं कानावर पडलं. नसतं पडलं तर बरं झालं असतं.

फोटो उदयनच्या वडिलांचा होता, अण्णांचा. दवाखान्यातली खाट, खिडकीतून आलेला उजेड आणि त्यांचा चेहरा. कालच त्यांचं तेरावं झालं होतं.

"लेन्स तुम्हीच दिलेली," उदयन म्हणाला. "माझ्या वयापेक्षा जुनी. नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून बसवली. आपोआप फोकस वगैरे काही नाही, हातानं रिंग फिरवली. पापणीचा केसन् केस मोजून घ्या!"

मास्तरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. बघितलं.

"फोकस बरोबर आहे."

उदयन असा फुलला म्हणता! मला तर संतापच आला. बापाचं तेरावं काल झालं आणि हा आज शाबासकी घ्यायला आलाय.

"तोंड उघडं दिसतंय," मास्तर म्हणाले. "काय म्हणत होते?"

"कोण?"

"अण्णा."

उदयननं प्रिंटचा कोपरा उगाच सरळ केला.

"बोलत होते ना?"

"ओठ हलले असतील. मास्तर, फोकस करताना मी दहापट मोठं करून बघत होतो. तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता एक डोळा दिसतो. तोंड कुठलं दिसायला!"

"कान तर मोकळे होते?"

उदयन अडखळला. "आवाज अगदी बारीक होता. मला वाटलं, कण्हताहेत. तेवढ्यात मान जरा हलली आणि फोकस गेला. मग परत रिंग…"

"आई कुठं होती?"

"खाली, औषधं आणायला. मी पुण्याहून थेट आलो. दार उघडलं तर चेहऱ्यावर उजेड असा पडलेला! तो जाईल म्हणून आधी कॅमेराच काढला."

"हाक मारलीस?"

"नंतर मारणार होतो."

"मग?"

"नंतर… नव्हते ते."

अरे देवा! मी मनातल्या मनात म्हटलं. मास्तरांनी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवून दिला.

उदयनला ते सोसवेना. एकदम उसळला.

"घाई करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? रिंग सावकाश फिरव, पापणीचा केस दिसल्याशिवाय बटण दाबू नको. तुमचेच शब्द आहेत हे!"

"माझेच आहेत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

भल्याभल्यांना जागच्या जागी गप्प करणारा हा माणूस. त्याला असं शरमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

…

"चांगला नका म्हणू," उदयन म्हणाला. त्याचा सगळा ताठा उतरला होता. "पण चाळीस वर्षं तुम्ही लेन्समधून माणसांचे चेहरे बघताय. ओठांवरून सांगा ना, काय म्हणाले अण्णा? आई रोज विचारते, शेवटचं काय बोलले म्हणून. मी सांगतो, शांत गेले. तिला पटत नाही, मास्तर. ती माझ्या तोंडाकडं बघत बसते."

मास्तरांनी फोटो जवळ ओढला. बराच वेळ बघितला.

"ओठांवरून नाही कळत."

मग त्यांनी खणातून भिंग काढलं, अण्णांच्या डोळ्यावर ठेवलं आणि फोटो उदयनकडं सरकवला.

"बघ."

उदयन वाकला. राहवेना म्हणून मीही मान पुढं केली. बुबुळात खिडकी उमटली होती. खिडकीच्या बाजूला एक माणूस उभा होता. त्याचे खांदे दिसत होते, वर धरलेले दोन्ही हात दिसत होते. तोंडाच्या जागी काळा कॅमेरा होता.

"…मीच आहे हा," उदयन म्हणाला.

"तुला ठाऊक आहे म्हणून ओळखलंस."

उदयन भिंगावरून उठेना. त्याची पाठ हलायला लागली तेव्हा मला कळलं की तो रडतोय. मघाचा राग कुठल्या कुठं गेला माझा.

"मग काय म्हणाले असतील, मास्तर?"

मास्तरांनी भिंग उचललं. सदऱ्याच्या टोकाला पुसलं, पुन्हा पुसलं.

"विचारत असतील… 'उदयन आला नाही का अजून?'"