दाइमोंजिसोला सावली

"मग आज संध्याकाळी माझंच नाव घेणार ना, गुरुजी?"

मठाच्या मागच्या अंगणात, खडकासमोर, भर उन्हात होजुन ताठ उभे होते.

गुरुजींचं मौन त्यांच्या शिष्याला, केईदोला, नवं नव्हतं, पण आज ते त्याला सोसवेना. संध्याकाळी सारा गाव कंदील घेऊन या खडकावरची शरदातली पांढरी फुलं पाहायला येणार होता, आणि तेव्हाच गुरुजी आपला वारस सांगणार होते. सूत्रं केईदोइतकी कुणाला पाठ नव्हती. वादात त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. हे त्यानेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"माझ्यात कमी काय आहे?"

होजुन एक पाऊल बाजूला सरकले.

केईदोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी जीव तोडून विचारतोय, आणि तुम्ही सरकताय काय?"

"ऊन सरकलं."

तेव्हा कुठे त्याचं खाली लक्ष गेलं. खडकाच्या ओल्या कपारीत त्या पांढऱ्या फुलांचा दाइमोंजिसो होता. सावलीतच जगणारं इवलं रोप ते. परवाच्या वादळात त्याच्यावरचा मेपल उन्मळून पडला होता. कडेची पानं करपली होती. आज उमलायच्या कळ्या मात्र टवटवीत होत्या, कारण त्यांच्यावर गुरुजींची सावली होती.

"उपटून कुंडीत लावू या. कुंडी ओसरीवर ठेवू."

"कुंडीत वसंतात लाव. आता मुळं दुखावली, तर कळ्या गळतील."

"मग वर बांबूचा तट्ट्या बांधू!"

"मठातले बाकी सगळे तोच विणायला बसलेत."

सगळे... केईदो ओशाळला.

गुरुजींचे गुडघे थरथरत होते. इतका वेळ समोर उभं राहूनही आपल्याला ते दिसले नाहीत, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"तुम्ही बसा, गुरुजी. मी उभा राहतो."

आधी त्याची सावली कपारीवर पडली, मगच होजुन हलले. शेजारच्या दगडावर बसून त्यांनी पाय चोळले.

मुंडन केलेलं डोकं तापलं, तरी केईदो जागचा हटला नाही. ऊन सरकलं की तोही सरकायचा. जमतंय म्हटल्यावर त्याची छाती पुन्हा फुगली.

"संध्याकाळी लोकांना सांगाल ना... की कळ्यांवर मी सावली धरली होती?"

होजुन हसले.

"लोक येतील तेव्हा ऊन नसेल."