करकोच्याचा डावा पाय

फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हाही राजे उशिरा उठत आणि पाखरं लवकर.

एका गावात चितारी राहत. गावाला एकच तळं होतं. एके दिवशी राजाचं फर्मान आलं: तळं बुजवायचं, तिथे घोड्यांसाठी मैदान करायचं.

गावकरी दरबारात धावले. "महाराज, आमच्या तळ्यावर वर्षातून तीनच सकाळी निळा करकोचा उतरतो. तळं गेलं तर तो जाईल कुठे?"

राजा म्हणाला, "लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून मी तो पाहिला होता. उतरताना तो एक गंमत करतो. अजून येत असेल, तर उतरतानाचं चित्र आणा. गंमत दिसली, तर तळं तुमचं."

गंमत कसली, कुणालाच सांगता येईना. जन्मभर सगळ्यांनी करकोचा आला, एवढंच पाहिलं होतं.

काम आलं एका तरुण चितारणीकडे, कारण तिचा हात सगळ्यांत चपळ. तिच्यापाशी एकच बोरू होता. तळ्याकाठी उगवलेला, टोक डावीकडे झिजलेलं. हा बोरू आणि तव्याच्या काजळीची शाई, एवढ्यावर ती तासन्‌तास रमे.

थोरले काका म्हणाले, "अगं, राजाचं काम! आणि ते या काटकीनं? बोरू इकडे दे आणि हा घे कुंचला, खारीच्या केसांचा."

कुंचल्याला पातळ रंग लागे, पातळ रंगाला जाड कागद. सगळं आणलं गेलं. पहिल्या सकाळी करकोचा खाली झेपावला, तेव्हा ती कुंचल्याच्या टोकाशी लोंबणारा थेंब सांभाळत होती. मान वर केली, तर पक्षी पाण्यात उभा!

"तरी मी म्हणत होते," आत्या म्हणाली. "कुंचला कसला? मोराचं पीस घे. माझ्या सासरी सगळे पिसानंच काढतात."

पिसासाठी दाट शाई आली, नवा कागद आला. दुसऱ्या सकाळी पीस कागदात अडकलं. ते सोडवायला ती वाकली आणि करकोचा उतरल्याचा नुसता आवाज तिनं ऐकला.

आता एकच सकाळ उरली. संध्याकाळी सगळी वडीलधारी मंडळी जमली. कुणी चांदीची लेखणी आणली होती.

"पोरीच्या हाताला काही धार्जिणंच नाही," काका पुटपुटले.

चितारीण ताडकन उठली. "होतं, काका. तुम्ही काढून घेतलंत! दोन सकाळी मी करकोचा पाहिलाच नाही, तुमची हत्यारं पाहिली. उद्या चुकलं, तर ही चांदीची लेखणी धुवायलाही तळ्यात थेंब उरायचा नाही."

"काय बाई ही जीभ!"

"जीभ राहू द्या, आत्या. माझा बोरू द्या."

तिसऱ्या सकाळी तिनं कागदाकडे एकदाही पाहिलं नाही. टोक किती वळतं, शाई कधी संपते, सगळं हाताला पाठ होतं. डोळे मोकळे होते. करकोचा आला. आधी फक्त डावा पाय खाली सोडला, पाण्यावर लांब रेघ ओढली आणि मग उजवा टेकवला. पाण्यावरची रेघ संपली, तेव्हाच कागदावरचीही संपली.

राजानं चित्र पाहिलं. मग सिंहासनावर बसल्या बसल्या त्यानं आपला डावा पाय उचलला आणि हवेत एक रेघ ओढली. "हाच! अस्साच उतरतो लबाड!"

तळं राहिलं. राजाचे घोडे दुसरीकडे गेले.

परतताना काकांनी हळूच विचारलं, "शाई कुठली वापरलीस गं?"

चितारीण हसली. "काका, आता तरी विचारा, करकोचा कसा उतरला!"

तात्पर्य: जे हत्यार मनापासून आवडतं आणि हाताला पाठ असतं, त्यालाच धरून राहा, सारखं हत्यार बदलणाऱ्याची नजर हत्यारावरच खिळते आणि पाखरू निसटतं.