माणसं सोडू की दोर?

"आठांतली चार माणसं आजच सोडायची, आणि दिवाळीच्या आत चार नव्या विहिरी सुरू करायच्या!" वामनशेठांनी माळावर उभं राहून फर्मान काढलं.

जमिनीतलं तेल शोधणारी त्यांची मंडळी तशी लहानच. विहीर एकच, तीही अजून कोरडी. पण पाच विहिरींच्या पाट्या रंगवून तयार! मुकादमाचा पगार वाचावा म्हणून मुकादमीही शेठ स्वतःच करत. विहिरीवर मोठा रहाट होता. आठ जण त्याचे दांडे धरून दोराला बांधलेली टोपली खाली सोडत नि वर ओढत.

त्या आठांत सगुणा होती, तिचा नवरा धाकलूही होता. दोघांची एकदमच सुट्टी झाली तर घरात चूल कशी पेटणार? तिचं तोंड काही गप्प बसेना.

"शेठ, चौघांना ही टोपली पेलायची नाही."

"न पेलायला काय झालं? निम्मे तर नुसता हात लावून उभे असतात! बिनकामाचे चार कोण, ते दुपारच्या आत तूच दाखव. नाही दाखवलंस, तर पहिली तू आणि दुसरा तुझा नवरा!"

धाकलूनं कपाळावर हात मारला. सगुणा मात्र गालातल्या गालात हसली.

"दाखवते की! पण टोपलीत बसल्याशिवाय कोणाचा जोर किती ते कळत नाही. शिवाय कालपासून तळाशी कसलासा तेलकट वास येतोय..."

वास! शेठ टुणकन टोपलीत जाऊन बसले.

टोपली निम्म्यावर गेली आणि थांबली.

"थांबलात का? सोडा!" आतून आवाज घुमला.

दांडा घट्ट धरून सगुणा ओरडली, "माणसं सोडू की दोर, शेठ?"

"म्हणजे?"

"चार नावं तुम्हीच सांगा. ज्याचं नाव घ्याल, तो हात काढील. धाकलूपासून सुरुवात करू?"

शेठांनी खाली पाहिलं. काळोख! वर पाहिलं. दोर करकरत होता.

"नको, नको!"

"मग राघूतात्या? ते खोकतात फार."

"खोकू दे! खोकत खोकत धरू दे!"

"मग मी?"

"अगं बये, तू तर आधी धर! आठही कामाचे आहेत! आणखी दोघं असते तर बरं झालं असतं! आणि हसू नका रे, टोपली हलतेय!"

वर आल्यावर घाम पुसत शेठांनी विचारलं, "काय गं, मी चुकून एखादं नाव घेतलं असतं, तर खरंच सोडलं असतंस?"

"छे हो! आम्ही रहाटावरची माणसं. कुणी नुसतं सांगितलं म्हणून माणूस सोडायची आम्हाला सवय नाही!"

शेठ असे खदाखदा हसले, की डोक्यावरचं पागोटं विहिरीत जाता जाता राहिलं.

"माग, काय हवं ते माग!"

"आणखी दोन माणसं द्या, शेठ. आत्ताच खालून म्हणालात तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी रहाटावर दहा जण उभे होते, आणि सगुणेच्या अंगावर शेठांनी दिलेलं जरीकाठी कोरं लुगडं होतं.