लहान गोळी आणि पोलादी पत्रा

पौष शुद्ध षष्ठी. पहाटेपासून धुके, वारा नाही. नऊच्या सुमारास फिकट ऊन.

एकदा एक व्यापारी पोलादी पत्र्यांची गाडी घेऊन नेमबाजीच्या माळावर आला. घाटातल्या चौकीवर जाणारे शिपाई हे पत्रे छातीवर बांधणार होते. पारख माळावर नेमबाजी शिकवणाऱ्या वृद्ध उस्तादांनी करायची; पण त्यांनी ते काम आपल्या शिष्यावर सोपवले. त्याच चौकीवर दुसऱ्या दिवशी शिष्यालाही रुजू व्हायचे होते.

शिष्याने शंभर पावलांवर एक पत्रा टांगला आणि सर्वांत जाड गोळीची बंदूक उचलली. बार झाला तसा माळ हादरला. विरळ धुक्यात तरंगल्यासारखा दिसणारा तो पत्रा झुलत, कितीतरी वेळ घुमत राहिला. शिशाची गोळी त्यावर फुलासारखी चपटी होऊन गळून पडली होती; पत्र्याला नुसता खळगा. पुढच्या दोन गोळ्यांचेही तेच झाले.

"पत्रा पास!" शिष्य म्हणाला. "उस्ताद, हा बांधून मी कुठेही उभा राहीन."

"मग अंगातला कोट काढ."

तो कोट उस्तादांनी पत्र्याच्या मागे टांगला आणि करंगळीहून बारीक गोळीची रायफल मागवली.

व्यापारी हसला. "अहो उस्ताद, हत्ती अडला, आता उंदीर कशाला सोडताय?"

"बघू या, शेटजी. उंदराला घाई फार असते."

या वेळी आवाज कोरडा, आखूड झाला. पत्रा जेमतेम हलला. शिष्य पाहायला गेला तो परतेचना, म्हणून उस्ताद मागोमाग गेले. कोटाच्या छातीवरच्या भोकात बोट घालून तो उभा होता.

"एवढीशी गोळी, उस्ताद..."

"बाळा, जाड गोळी वजन घेऊन येते. पत्रा झुलतो, तिचा जोर जिरवतो. ही बारीक गोळी सगळा वेग एका टिंबावर ओतते. पत्र्याला सवडच मिळत नाही. फार दुरून आली असती, तर वेग वाटेत सांडून तिने नुसता डाग पाडला असता. जिच्या आवाजाने तू दचकतोस, तेवढीच गोळी मारून पाहिलीस. तुझ्या भीतीची परीक्षा झाली. पत्र्याची राहिलीच होती."

शिष्याने कोट अंगात घातला. मग तो व्यापाऱ्याकडे वळला. "शेटजी, गाडी परत न्या."

जाड गोळ्या तीन, खळगे तीन. बारीक गोळी एक, आरपार भोक एक. नवे पत्रे येईपर्यंत शिपायांची रवानगी थांबली.