दोन टोपणं

“आई, याला दिवाच नाही…”

शलाकानं पेटी उलटसुलट करून पाहिली. हिरवा नाही, तांबडा नाही, लुकलुकणारं काहीच नाही.

मठाच्या प्रमुख मैनाआई कचेरीत खाली बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग?”

“मग चालू आहे की नाही, कळणार कसं?”

“पसंत करून तूच आणलीस ना?”

आणली तिनंच होती. डोंगरावर मोबाईलला रेंज नव्हती. मठातल्या म्हाताऱ्या संन्यासिनींना डॉक्टर भेटायचा तो कचेरीतल्या पडद्यावर, आणि सगळी भिस्त घाटातून वर आलेल्या एका काचेच्या तारेवर, फायबरवर. रस्त्याचं काम निघालं की ती हमखास तुटायची. आता मागच्या खोऱ्यातून दुसरी तार आली होती. पेटीचं काम एवढंच, की एक तार गेली तर हातानं खटका फिरवायचा, दुसरी जोडायची. पेटीला वीज लागत नाही, म्हणून दिवा नाही.

हे शलाकाला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत तिनं ते आकृतीसकट लिहिलंही होतं.

पण ही पोर कुकरच्या शिट्टीला दचकणारी. मठात आली तीही त्याचसाठी. आल्या दिवशीच तिनं विचारलं होतं, “आई, भीती जाते कशी?”

“ते बघू,” आई म्हणाल्या होत्या. “आधी आमचा फोन नीट कर.”

तिनं पेटी भिंतीला ठोकली. मधल्या भोकात मठाची तार, डावीकडे घाटातली, उजवीकडे खोऱ्यातली. बाहेरून आलेल्या दोन्ही तारांच्या टोकांवरची इवलीशी टोपणं काढली, टोकं पुसली, आत सरकवली. टक्… टक्…

जमिनीवर पडलेली दोन टोपणं आईंनी उचलली. “ही कशाला?”

“उघडं राहिलं की टोकावर धूळ बसते. मग उजेड पुढं जात नाही.”

“उजेड आहे होय यात? कुठंय?”

“डोळ्यांना दिसत नाही, आई. आणि तारेत डोकावायचंही नाही. डोळा जायचा.”

आईंना हसू आलं. “दिसत नाही, आणि डोकावायचंही नाही. जन्मभर आम्ही दुसरं काय करतोय गं?”

त्यांनी टोपणं पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

पेटी चालली. झकास चालली. पण शलाकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. खोऱ्यातली तार धड असेल ना… ऐन वेळी दगा दिला तर… जाता-येता ती खटका उजवीकडे फिरवून बघायची, पुन्हा डावीकडे आणायची. फिरवलं की लाइन धरायला थोडा वेळ जायचा. तेवढा वेळ मठ जगापासून तुटायचा.

एका सकाळी म्हाताऱ्या संन्यासिनींतल्या गोदाक्का काठी आपटत कचेरीतून बाहेर आल्या.

“डॉक्टर म्हणाले, जीभ दाखवा. मी जीभ काढली आणि पडदा काळा! आता आत घेऊ की नको, सांगणार कोण? तुझा खटका?”

“मी नुसतं बघत होते, अक्का… लागतंय का ते.”

“लागलेलं तोडून बघतेस, लागतंय का?”

आईंनी ऐकलं.

दुपारी आई पडवीत आडव्या झाल्या होत्या. हल्ली त्यांच्या छातीचे ठोके चुकत. मधेच थांबत, पुन्हा सुरू होत. शलाका पाय न वाजवता जवळ आली. वाकली. आईंच्या नाकाशी बोट धरलं.

आईंनी डोळे उघडले.

“चालू आहे?”

शलाकाचा चेहरा लालबुंद झाला. “रागावलात?”

“रागावू कशाला? रोज येतेस.” आईंनी तिचं बोट हातात घेतलं. “फक्त, रोज मी जागी होते…”

शलाका खाली बसली.

“गुरुवारी मला शहरात नेताहेत,” आई म्हणाल्या. “छातीत लहानसं यंत्र बसवायचंय. ठोके सांभाळणारं. त्याला तरी दिवा असतो का गं?”

“…नाही.”

“बरं झालं. झोप तरी लागेल मला.”

गुरुवारी पहाटे जीप दाराशी लागली. आईंबरोबर गोदाक्का निघाल्या. शलाका जीपचं दार धरून उभी राहिली.

“आई, मी येते ना…”

“आणि फोन कोण बघणार? दुपारी तू कर. मी बोलेन.”

आईंनी पदराची गाठ सोडली. शलाकाच्या एका तळहातावर एक टोपण ठेवलं, दुसऱ्यावर दुसरं. आणि तिची बोटं एकेक करून स्वतःच मिटवली.

“ही हरवशील हो,” एवढंच म्हणाल्या.

जीप वळणाआड गेली.

दुपारी शलाकानं फोन लावायला घेतला आणि पडदा काळा झाला. घाटात कुठेतरी खोदाई चालली असणार. घाटातली तार गेली.

तिनं खटका उजवीकडे फिरवला. पडदा काळाच. डावीकडे आणला. काळाच. पुन्हा उजवीकडे… टोक नीट पुसलं होतं ना? पुन्हा डावीकडे… तिकडे आई टेबलावर असतील. ठोका चुकला असेल. चुकलेला परत आलाच नसेल. कोणी सांगायला धडपडत असेल, आणि इथे ही मुकी पेटी… पुन्हा उजवीकडे. हाताला घाम फुटला, बोटं खटक्यावरून घसरू लागली.

हात पुसायला तिनं ओढणी ओढली. टोकाला बांधलेली दोन टोपणं मनगटावर आपटली.

ती थबकली.

लाइन धरायला थोडा वेळ लागतो. परीक्षेत लिहिलं होतं तिनं… आकृतीसकट.

खटका उजवीकडेच होता. तिनं गाठ सोडली. एका हातात एक टोपण घेतलं, दुसऱ्यात दुसरं. मुठी आवळल्या आणि पेटीसमोर खाली बसली.

दिवा नाही. आवाज नाही. भिंतीवर एक गोल खटका, आणि तो आपल्या जागी गप्प.

उजवा हात दोनदा उठला. दोन्हीदा मूठ मिटलेली होती. मिटल्या मुठीनं खटका फिरत नाही.

कचेरीत पाल चुकचुकली. शलाका दचकली… पण बसून राहिली. बाहेर कोणीतरी वाळवण गोळा करत होतं.

पडदा उजळला.

मूठ न उघडता, बोटाच्या पेरानं, तिनं गोदाक्कांचा नंबर दाबला. रिंग गेली. जात राहिली. तुटली.

तिनं पेटीकडे पाहिलं. नखं तळव्यात रुतली.

पुन्हा पेर टेकवलं. रिंग… रिंग… तीही तुटली. आता तिला रडूच फुटलं. गालावरचं पाणी तिनं खांद्यालाच पुसलं आणि तिसऱ्यांदा नंबर लावला.

रिंग… रिंग…

पलीकडे काहीतरी खरखरलं. भांडं वाजलं. गोदाक्का कुणाला तरी म्हणत होत्या, “अहो, हाच दाबायचा ना?” मग शांत झालं. आणि त्या शांततेत एक श्वास, दमलेला, संथ, ओळखीचा…

“आई?”

“मुठी सोड आता, पोरी.”