पुलाचा सातवा दगड

मतदारसंघाच्या पार टोकाला, नाल्यापलीकडे शेवरी गाव. तीन पक्ष येऊन गेले, मतदारसंघाचं नावही बदललं. पण निवडणूक तोंडावर आली की नाल्यावरच्या पुलाचं भूमिपूजन काही चुकलं नाही. नारळ फोडायचा मान दर वेळी कोतवाल सावळाराम यांचा. आता त्यांचा हातही दुखायचा आणि भाषण सुरू झालं की डोळा लागायचा.

यंदा खासदार भय्यासाहेब आले. संगमरवरी कोनशिलेवरचा पडदा ओढून गरजले, "माझ्याआधीच्या सहा खासदारांनी तुम्हाला काय दिलं? आहे कुणात सांगायची हिंमत?"

सावळारामांनी हातातला नारळ खाली ठेवला.

"पूल दिला की, साहेब. तो काय!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. नाल्यात सहा जुन्या कोनशिला ओळीनं आडव्या टाकलेल्या होत्या. डोक्यावर दळण घेतलेली एक बाई त्यांवरून सावकाश येत होती. सहावी संपल्यावर तिला लुगडं सावरत पाण्यात उतरावंच लागलं.

"एका पावलाचंच अंतर राहिलंय," सावळाराम थकल्या आवाजात म्हणाले. "तुमची पडली की पूल पुरा झाला. फक्त नाव जरा खोल कोरून घ्या, साहेब. संगमरवरावर पाय फार घसरतो."